कब्बन मिर्झांचा आवाज

आज बसमध्ये कुणाच्या तरी मोबाईलवर ‘रझिया सुलतान’मधलं गाणं लागलं आणि दिवसभर कब्बन मिर्झा मनातून हललेच नाहीत. बहुतेकांना ते या १९८३च्या सिनेमाचे गायक म्हणून माहीत. संगीतकार खय्यामसाहेबांनी तो खर्जातला आवाज निवडला, केवढी पारख! आमच्यासाठी मात्र ते रेडिओवरच्या विविध भारतीचे, रात्री दहाच्या ‘छायागीत’ या गाण्यांच्या कार्यक्रमाचे निवेदक.

छायागीतात फर्माईश नसायची. विषय निवेदकाचा, गाणीही त्यानेच निवडलेली. मिर्झासाहेब एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे. घाई नाही, आवाज चढवणं नाही. उशाशी बारीक केलेला ट्रान्झिस्टर, डायलचा पिवळसर उजेड. अंधार पडला की मीडियम वेव्हवर लांबलांबची स्टेशनं मध्येच घुसायची (दिवसा त्या लहरी शोषणारा वातावरणातला थर रात्री विरतो ना). मग रेडिओ जरासा तिरका फिरवायचा, की आवाज पुन्हा स्वच्छ. आई “बंद कर आता” म्हणायची आणि स्वतःच ऐकत पडायची.

कुणाकडे त्यांच्या छायागीताची जुनी कॅसेट असेल तर प्लीज कळवा. गाणी कुठेही मिळतात हो, मला त्यांचं मधलं बोलणं हवंय.