आमची वाटचाल : नौपाड्यातून निघालेले खोके

जुने स्पीकर दुरुस्त करून विकायच्या आमच्या धंद्याला माल पुरवतो तो इमारतींचा पुनर्विकास. ठाण्यातल्या नौपाडा, चरई, पाचपाखाडी भागातल्या तळमजला अधिक तीनच्या सोसायट्या रिकाम्या व्हायला लागल्या की आमचा फोन वाजू लागतो. बोलणं साधारण एकच. "भाड्याच्या जागेत जायचंय. बाबांचे स्पीकर आहेत, बरेच मोठे आहेत, चालतात का माहीत नाही. भंगारवाला न्यायला तयार आहे, पण मन होत नाही." भंगारवाल्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याला मॅग्नेटचं लोखंड आणि क्रॉसओव्हरच्या, म्हणजे जाड-बारीक आवाज वेगळे करणाऱ्या सर्किटच्या, कॉइलमधलं तांबं दिसतं, त्याच्या काट्यावर तेवढंच मोजलं जातं. आम्हाला त्याच्या आधी पोचावं लागतं, एवढंच.

दुरुस्त झालेली जोडी मग घोडबंदर रोडच्या एखाद्या टॉवरमध्ये जाते, नाहीतर खाडी ओलांडून ऐरोली, वाशी, नेरूळकडे. कधी कधी घेणारा त्याच घरातला नातू निघतो. आजोबांनी जे स्पीकर हॉलमध्ये ठेवले म्हणून आजीने वर्षानुवर्षं कुरकुर केली, तेच तो आता बायकोची समजूत काढून घरी नेतो.

ठाण्यात एवढे जुने स्पीकर निघतात कसे, असं बाहेरगावचे लोक विचारतात. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्टा भरात होता, तेव्हा इथे इंजिनीअर, फोरमन, टूलरूममधली मंडळी मोठ्या संख्येने राहायची. हातात बरा पगार, डोक्यात यंत्रं आणि संध्याकाळी गाणं. परदेशी मालावर जबर जकात होती. त्यामुळे ज्याचा मेव्हणा बोटीवर किंवा भाऊ आखातात, त्याच्याकडे सेलेस्टियन, व्हार्फडेल, यामाहा आले. बाकीच्यांनी कोलकात्याचं सोनोडाइन (१९७० पासूनची कंपनी), कॉस्मिक किंवा फिलिप्स घेतलं. आणि तिसरी जात म्हणजे लॅमिंग्टन रोडवरून सुटे वूफर (खर्जाचे) आणि ट्वीटर (बारीक आवाजाचे) आणून, मासिकातला आराखडा बघून, सुताराकडून खोका करून घेणारे. या तिसऱ्या जातीचे स्पीकर अजूनही आमच्याकडे सर्रास येतात. काही खोके आतून असे पक्के असतात की कारखान्यातल्या मालाने खाली मान घालावी. टूलरूमच्या माणसाने केलेला सांधा लगेच ओळखू येतो.

दुकान सुरू केलं वडिलांनी, स्टेशनजवळ. व्हॉल्व्हचे रेडिओ, मग ट्रान्झिस्टर, मग टेपरेकॉर्डर. १९९१ नंतर बाजार खुला झाला, चकचकीत मिनी सिस्टिम आल्या, मोठे खोके माळ्यावर गेले आणि आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर धूळ बसू लागली. त्या काळात दुकान जगवलं मंडपवाल्यांनी. गणपती, नवरात्र, लग्नं यात कर्ण्यांची युनिटं आणि पंधरा इंची वूफर जळायचे. वडील ते रिकोन करायचे, म्हणजे आवाज काढणारा कागदी शंकू, कोन, नवा बसवायचे, आणि मी शेजारी बसून कोन चिकटवायला शिकलो. आजही भाद्रपदाच्या आधी ते काम आम्ही घेतो. दुकानाचं भाडं घरगुती हाय-फायवर निघतं असं कोणी म्हणत असेल तर त्याचं दुकान स्वतःच्या मालकीचं असणार.

जुन्या हाय-फायकडे वळलो ते फोममुळे.

वूफरचा कोन आणि बाहेरची लोखंडी चौकट यांच्यामध्ये एक मऊ पट्टी असते, तिला सराउंड म्हणतात. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या असंख्य वूफरना ती पॉलियुरेथेन फोमची आहे. हवेतला ओलावा या फोमची रासायनिक साखळी तोडत जातो. स्पीकर वाजवा किंवा कपड्यात गुंडाळून ठेवा, पंधरा-वीस वर्षांत पट्टी चिकट होते, मग बोट लावलं की भुगा. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला येऊरचा डोंगर आणि वर्षातले चार महिने पाऊस, अशा गावात फोमची काय बिशाद! रबराच्या सराउंडवाले जुने ब्रिटिश वूफर मात्र त्याच हवेत ठणठणीत निघतात, आणि कापडी सराउंडवालेही.

फोम फाटला म्हणजे वूफर मेला असं नाही. कोन, त्याला हलवणारी तारेची गुंडाळी म्हणजे व्हॉइस कॉइल, मॅग्नेट बहुतेक वेळा धड असतात. पण पूर्वी लोक असा वूफर कोणत्याही रिकोनवाल्याकडे टाकायचे. तो बिचारा त्याला येत होतं ते करायचा, म्हणजे मंडपाच्या वूफरचा जाड कागदी कोन आणि कडक कापडी कड बसवायचा. आवाज यायचा, मोठाही यायचा, पण खर्ज गायब. कारण समजायला १९५४ पर्यंत मागे जावं लागतं. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी एआर-१ हा स्पीकर आणला, तो सगळीकडून बंद खोक्याचा होता. कोनाला मागे खेचणारी स्प्रिंग म्हणून त्यांनी खोक्यात कोंडलेली हवाच वापरली. त्यासाठी कोनाचं स्वतःचं लटकणं अगदी सैल असावं लागतं, मोकळ्या हवेत त्याची नैसर्गिक कंपनसंख्या वीस-पंचवीस हर्ट्‌झच्या आसपास. तिथे कडक कड लावली की ती पन्नास-साठवर जाते आणि डग्ग्याचा घुमारा खोक्यातल्या खोक्यात विरतो. आमच्याकडे येणाऱ्या जोड्यांत अशा "दुरुस्त" केलेल्या पुष्कळ असतात. फाटक्या फोमचा वूफर मला त्यापेक्षा कितीतरी बरा वाटतो.

फोमच्या रिंगा आम्ही बाहेरून मागवतो. आठ इंची वूफर म्हणून आठ इंची रिंग, इतकं सोपं ते नसतं. कोनाचा बाहेरचा व्यास, कोनाच्या कडेचा उतार, गोलाईची रुंदी, चौकटीच्या आतलं माप, सगळं जुळावं लागतं. जुना फोम आणि जुना गोंद खरवडायला नवा लावण्यापेक्षा जास्त वेळ जातो. कागदी कोनावर सॉल्व्हंट जपून, प्लॅस्टिकच्या कोनावर आणखी जपून. त्यानंतरचं खरं काम म्हणजे कॉइल मध्यावर आणणं. व्हॉइस कॉइल ज्या फटीत हलते ती मिलिमीटरच्याही अंशात मोजायची. डस्ट कॅप, म्हणजे कोनाच्या मधली टोपी, कापून आत पातळ फिल्मच्या पट्ट्या खोवतो, रिंग चिकटवतो, गोंद बसला की पट्ट्या काढतो. डस्ट कॅप कापण्यासारखी नसेल तर वीस-तीस हर्ट्‌झचा सूर हळू आवाजात सोडून, कोन डोलत असताना कान लावून, खरखर थांबेपर्यंत कड सरकवायची. वडील हे निव्वळ बोटांनी करायचे. कोन दोन अंगठ्यांनी अलगद दाबून सोडायचा, घासतंय का ते अंगठ्यालाच कळतं.

हे झालं वूफरचं. ट्वीटरची मुख्य तक्रार म्हणजे लहान मुलांची बोटं. घुमटी आत दाबलेली नाही अशी जोडी आली की आम्ही मालकाला विचारतो, घरात मूल नव्हतं का? रेशमी घुमटी हलक्या हाताने बाहेर काढता येते, धातूच्या घुमटीवर वळी राहतेच. काही ट्वीटरच्या फटीत थंडाव्यासाठी फेरोफ्लुइड नावाचं चुंबकीय तेल असतं. ते चाळीस वर्षांत घट्ट होऊन बसतं आणि मालक म्हणतात, "आवाज जरा मऊ झालाय." मऊ कसला, अडकलाय. जुनं पुसून नवं भरलं की मोकळा होतो.

क्रॉसओव्हरबाबत माझं मत ऐकून काही गिऱ्हाइकं नाराज होतात. हल्ली फॅशन अशी की स्पीकर आणला की आधी सगळे कपॅसिटर उपटा आणि महागडे फिल्मचे घाला. आम्ही आधी मोजतो. जुन्या नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं माप खरंच भरकटलेलं असतं, ते बदलतो. पण त्या जुन्या कपॅसिटरचा स्वतःचा थोडा रोध असतो, आणि मूळ डिझाइनमध्ये तो धरलेला असू शकतो. त्या जागी फिल्मचा आला की रोध जवळजवळ शून्य आणि ट्वीटर अंगावर येतो. तिथे एक लहानसा रेझिस्टर जोडला की काम भागतं. रेझिस्टर स्वस्त असल्यामुळे त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

चाचणीला परदेशात ठरावीक रेकॉर्ड वाजवतात म्हणे. आमच्याकडे तानपुरा. जवारीचा तानपुरा म्हणजे खालच्या षड्जापासून पार वरपर्यंतच्या उपस्वरांची अखंड रांग, आणि वूफरकडून ट्वीटरकडे सूर सोपवला जातो त्या दोन-तीन हजार हर्ट्‌झच्या टापूतून ती रांग जाते. सोपवण्यात गडबड असली तर तानपुऱ्याचा झंकार तिथे तुटतो किंवा एकदम चमकतो. मग डग्ग्याची मींड, आणि शेवटी भीमसेनजी, कारण आमच्या गिऱ्हाइकांना शेवटी तेच ऐकायचं असतं. दुकानात आता आयटीआय झालेली एक मुलगी काम करते. ती मापनाचा माइक लावून दोन्ही स्पीकरचे आलेख लॅपटॉपवर एकावर एक ठेवते. सुरुवातीला वडील बाजूला बसून हसायचे. जोडीतल्या एका स्पीकरचा आवाज दोन डेसिबलने खाली आहे हे तिने आलेखावर आणि त्यांनी कानाने एकाच दिवशी सांगितलं, तेव्हापासून दोघांचं जमतं. ते वूफर अल्निको मॅग्नेटचे होते, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट असलेल्या मिश्रधातूच्या. अल्निको वर्षांनुवर्षांत, धक्क्याने किंवा जास्त ताकद दिल्याने थोडं ओसरू शकतं. १९७८ मध्ये झाइरेमधल्या (आजच्या काँगोमधल्या) लढाईने कोबाल्ट कमालीचा महागला आणि बहुतेक कंपन्या फेराइट मॅग्नेटकडे वळल्या. फेराइट सहसा ओसरत नाही, पण गोंदाने चिकटवलेलं असतं. टेम्पोतून पडलं की सरकतं आणि कॉइल जाम. आपल्या रस्त्यांवर हे नवल नाही.

खोक्यांचं प्रकरण वेगळं. चिपबोर्डचे खोके खालच्या बाजूने फुगलेले येतात, कारण आपल्याकडे रोज लादी पुसतात आणि ओलं फडकं रोज त्या कडेला लागतं. बाहेरच्या देशात हा रोग फारसा नसावा, कारण त्यांच्या दुरुस्तीच्या पुस्तकांत याचा उल्लेख मला सापडला नाही. आमचे सुतारकाका फुगलेला भाग कापून प्लायची पट्टी बसवतात आणि वरून सागाचं व्हिनिअर रेषा जुळवून लावतात. लाखेचं पॉलिश मात्र जून ते सप्टेंबर बंद. दमट हवेत त्यावर पांढुरकी साय धरते आणि सगळं पुन्हा घासावं लागतं. घाई असलेल्या गिऱ्हाइकाला हे पटवणं हे कॉइल मध्यावर आणण्यापेक्षा अवघड. वाळवी लागलेला खोका दुकानात घेतच नाही, फक्त युनिटं काढून आणतो.

माल फक्त घराघरांतूनच येतो असं नाही. मुंबईतले लहान स्टुडिओ बंद होतात तेव्हा यामाहाचे एनएस-१० निघतात. १९७८ साली घरगुती म्हणून आलेला, पांढऱ्या कोनाचा हा स्पीकर जगभरच्या स्टुडिओंत मिक्सिंगच्या टेबलावर जाऊन बसला. कोन पिवळट पडला की विकणारे त्याला पांढरा रंग देतात. रंगाचं वजन कोनावर चढतं, आम्ही असा घेत नाही. चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर अजूनही चक्कर असते, पण तिथे हल्ली मोबाइलवर भाव बघूनच बोली लागते. कधीतरी नशिबाने एलएस३/५ए मिळतो. बीबीसीने सत्तरच्या दशकात प्रक्षेपणाच्या गाडीत बसेल असा म्हणून घडवलेला, केईएफ कंपनीच्या बी११० आणि टी२७ या युनिटांचा. बुटांच्या खोक्याएवढा, आणि टॉवरमधल्या दहा बाय बाराच्या खोलीत माणसाचा गळा असा उभा करतो की मोठ्या वूफरचं नाव कोणी काढत नाही. त्याच्याकडून ढोल-ताशाची अपेक्षा धरणाऱ्याला आम्ही विकत नाही. हे उद्धटपणाचं वाटतं, पण तो जोडी परत घेऊन येणार आणि तोवर कॉइल जळालेली असणार.

जागा आता वागळे इस्टेटमध्ये आहे. स्टेशनजवळचं दुकान इमारतीसकट पुनर्विकासात गेलं, म्हणजे ज्याने माल दिला त्यानेच जागाही घेतली. इथे पोटमाळा आहे आणि त्यावर सुटी युनिटं मापाप्रमाणे लावलेली आहेत. कोणाचा एकच वूफर जळाला तर त्याचा जुळा शोधायला तीच जागा उपयोगी पडते. फोन करून "एकाच स्पीकरचं काम आहे" म्हणणाऱ्यांनाही आम्ही दोन्ही आणायला सांगतो. नवा फोम एका बाजूला आणि जुना दुसऱ्या बाजूला असला की गाणारा मधोमध न राहता भिंतीला जाऊन टेकतो.

येताना पुढच्या कापडी जाळ्या शोधून आणा, त्या माळ्यावर कुठेतरी असतातच. मागच्या बाजूचा कागदी शिक्का खरवडू नका, कितीही मळका असला तरी. कोनावर ओलं फडकं नको आणि व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबातच नको. पावसात आणणार असाल तर प्लॅस्टिकमध्ये कोंबू नका, चादरीत गुंडाळा आणि रिक्षाऐवजी गाडीने या. फोम आणि क्रॉसओव्हरचं काम आम्ही लगेच हाती घेऊ. पॉलिश नवरात्रानंतर.