हंगामी कप्पा माझ्याकडे आला तेव्हा

आमचं दुकान लहान आहे. चीज, वाइन, ऑलिव्ह तेल, थोड्या बरण्या नि डबे, आणि काउंटरला लागून एक कप्पा. त्या कप्प्याला आम्ही नुसतं 'हंगामी' म्हणतो. वसंतात तिथे बकरीच्या दुधाचं ताजं चीज असतं, उन्हाळ्यात रोझे म्हणजे गुलाबी वाइन, पानगळ सुरू झाली की नवी वाइन आणि नवं तेल, आणि मग नाताळची झुंबड. मालकीणबाईंनी हा कप्पा माझ्याकडे सोपवला तो ऐन उन्हाळ्यात. फ्रीजची मोटर घरघरत होती, दारातून गरम हवा आत येत होती आणि त्या म्हणाल्या, "चल, नाताळची ऑर्डर काढायला बस."

त्यांची पद्धत उलटी आहे. कुठलाही माल मागवायचा म्हटलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "शेवटचा नग कुठल्या तारखेला गेला पाहिजे?" त्या तारखेपासून मागे यायचं. माल किती आठवडे टिकतो, वाटेत किती दिवस जातात, बनवणारा कधी बनवतो, आणि त्याला आपण कधी कळवायला हवं. किती नग मागवायचे हा प्रश्न सगळ्यात शेवटी. कप्प्याची मांडणी, दिवे, रिबिनी हे एका संध्याकाळचं काम आहे. बाकीचे महिने ही उलटी मोजणी चालते.

पॅनेटोनेवर, म्हणजे नाताळच्या उंच, फुगीर इटालियन गोड ब्रेडवर, हे लगेच कळतं. इटलीत पॅनेटोने कशाला म्हणायचं याचा 2005 चा सरकारी नियम आहे: लोणी किमान 16 टक्के, बेदाणे आणि पाकवलेली लिंबूवर्गीय सालं मिळून किमान 20 टक्के, आणि पीठ नैसर्गिक आंबवणीने फुगलेलं. भट्टीतून काढला की तो उलटा टांगून गार करतात, कारण इतकं लोणी आणि अंडी असलेला गर सरळ ठेवला तर स्वतःच्याच वजनाने खाली बसतो. हे सगळं गिऱ्हाइकाला सांगायला छान आहे. पण ऑर्डरीच्या वेळी माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. कारखान्यातला पॅनेटोने कित्येक महिने मऊ राहतो. छोट्या भट्टीवाल्याचा, त्यात टिकवण्यासाठी वरून काही घातलेलं नसल्यामुळे, थोड्याच आठवड्यांत कोरडा पडायला लागतो. म्हणजे तो लवकर आणून कप्पा भरून ठेवता येत नाही.

पुरवठादाराला मात्र सगळा माल एकदम खपवायचा होता. फोनवर म्हणाला, "मॅडम, एकाच खेपेत घेतलंत तर वाहतूक मी बघतो."

"आणि उरले तर?"

"उरत नाहीत हो, नाताळात काही उरत नाही."

हे वाक्य मी तेव्हापासून बऱ्याच पुरवठादारांकडून ऐकलं आहे. मी दोन खेपांवर अडून बसले: एक नोव्हेंबरच्या शेवटी, दुसरी डिसेंबरच्या मध्यावर. वाहतूक आमच्या अंगावर पडली. मालकीणबाईंनी आकडा बघून भुवया उंचावल्या, पण बोलल्या काही नाहीत.

या सगळ्यात माझा जीव जडला तो मों दॉरवर. ज्युरा डोंगरातलं हे मऊ चीज लाकडाच्या गोल डबीत येतं, भोवती स्प्रूसच्या सालीची पट्टी गुंडाळलेली. फ्रान्समधल्या नियमानुसार ते फक्त 15 ऑगस्ट ते 15 मार्च या काळात बनवता येतं आणि 10 सप्टेंबर ते 10 मे या काळातच विकता येतं. बाकीच्या दिवसांत कुणी कितीही पैसे देऊ केले तरी नाही. जूनमध्ये हटकून कुणीतरी विचारतं, "ते डबीतलं, चमच्याने खायचं चीज आहे का?" आणि मग त्याचं कारण सांगावं लागतं. मला ते सांगायला आवडतं, म्हणून इथेही सांगते.

उन्हाळ्यात गाई वरच्या कुरणांत असतात, दूध भरपूर असतं, आणि ते जातं कोंते हे मोठं, टणक चीज बनवायला. कोंतेचं साधारण 40 किलोचं एक चक्र बनवायला जवळपास 400 लिटर दूध लागतं; एका शेतकऱ्याचं काम नाही, गावाने मिळून दूध गोळा करायचं. थंडी पडली, गाई गोठ्यात आल्या, दूध आटलं आणि बर्फाने रस्ते बंद झाले की एवढं दूध एका जागी जमेना. मग जे घरात आहे त्याचं लहान, लवकर तयार होणारं चीज. लहान आणि पाणीदार असल्यामुळे ते आकार धरत नाही, म्हणून सालीची पट्टी. पट्टीचा वास चीजमध्ये उतरतो आणि मग लोक त्याच वासासाठी ते विकत घेतात. हंगाम हा शब्द आम्ही दुकानदार सैलसर वापरतो, पण इथे तो अक्षरशः दुधाचा हंगाम आहे.

डबी आली की झाकण उघडून बघायचं, हे मालकीणबाईंनी मला काउंटरवर उभं करून शिकवलं. वरची कातडी फिकट पिवळसर-गुलाबी, लाटा उठल्यासारखी सुरकुतलेली हवी, कारण डबी चीजपेक्षा मुद्दाम किंचित लहान असते. अंगठ्याने मधोमध हलकेच दाबायचं. खाली घट्ट लागलं तर अजून आठवडाभर थांबायचं. अंगठा बुडून कातडी सावकाश वर आली तर आज-उद्या विकायचं. नाकाजवळ नेली की आधी ओल्या लाकडाचा वास यायला हवा, मग सायीचा. अमोनियाचा भपकारा आला तर ती डबी गिऱ्हाइकाला द्यायची नाही. मी रोज सकाळी सगळ्या डब्या अशा तपासायचे आणि झाकणाखाली पेन्सिलीने खूण करायचे: आज, शनिवार, पुढचा आठवडा. गिऱ्हाइकाला विचारायचं, खाणार कधी? उत्तराप्रमाणे डबी द्यायची. यात एका माणसामागे दोन मिनिटं जास्त जातात आणि मागे रांग वाढते, पण चीजच्या दुकानात ती दोन मिनिटं द्यायची नसतील तर लोकांनी सुपरमार्केटमध्येच जावं.

घरी करायचं असेल तर झाकण काढून डबी बाहेरून फॉइलमध्ये गुंडाळायची, कातडीला भोकं पाडून त्यात लसणाच्या पाकळ्या खोचायच्या, पांढऱ्या वाइनचा एक घोट ओतायचा आणि ओव्हनमध्ये ठेवायची. आत सगळं वितळून हलायला लागलं की उकडलेल्या बटाट्यांवर. फ्रेंच मों दॉर कच्च्या दुधाचं असतं, त्यामुळे गरोदर बाईसाठी कुणी नेत असेल तर मी स्वतःहून सांगते आणि दुसरं काही सुचवते.

बोजोले नुव्हो, म्हणजे फ्रान्समधल्या बोजोले भागातली नवी वाइन, हिच्याबद्दल मला फार प्रेम नाही, तरी ती ठेवावी लागते. त्याच वर्षीच्या गामे द्राक्षांची वाइन, घड न चिरडता बंद टाकीत कार्बन डायऑक्साइडखाली ठेवायचे. द्राक्षाच्या आतच आंबणं सुरू होतं आणि काही आठवड्यांत हलकी, केळ्या-चेरीच्या वासाची वाइन तयार. 1951 साली ती लवकर विकायला मुभा मिळाली, आणि 1985 पासून दिवस ठरला आहे: नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार. पेट्या आधी येऊन पडतात, पण बुधवारी एकही बाटली विकायची नाही. मागच्या खोलीत त्या पेट्यांवर मी कागद चिकटवला होता, 'गुरुवार', कारण मदतीला येणारा मुलगा दिसेल ते फळीवर लावायचा.

तिचं गणित निर्दय आहे. गुरुवार ते रविवार लोक नाव घेऊन मागतात. त्यानंतरच्या सोमवारी तीच बाटली कुणाला नको असते. मी केलं ते एवढंच की कमी पेट्या मागवल्या आणि शेजारी त्याच भागातली मोर्गों आणि फ्लरी लावली. बोजोलेतल्या ज्या दहा ठिकाणांची वाइन स्वतःच्या नावाने विकली जाते, त्यांना 'नुव्हो' करायची परवानगीच नाही. नुव्हो संपल्यावर आलेल्या माणसाला मी म्हणायचे, "तेच द्राक्ष आहे, फक्त याने घाई केलेली नाही." बरेच जण ती घेऊन गेले, आणि त्यातले काही जानेवारीत तीच मागत परत आले.

नव्या तेलाचं उलट आहे. ते गिऱ्हाइकाला समजावून द्यावं लागतं, कारण हिरवंगार, धूसर आणि घशाला झोंबणारं तेल पाहिलं की लोकांना वाटतं काहीतरी बिघडलं आहे. उत्तर गोलार्धात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फळं तोडून घाण्यावर जातात आणि पहिल्या बाटल्या वर्ष संपायच्या आत येतात. मी छोट्या ग्लासात चमचाभर तेल ओतायचे, ग्लास तळहातात धरून वरून दुसरा हात झाकायचा, थोडं ऊबदार झालं की वास घ्यायचा आणि मग तेल हवेसकट सुर्र करून ओढायचं. आधी कापलेल्या गवताचा वास, मग जिभेवर कडवटपणा, आणि दोन क्षणांनी घशाच्या मागे ठसका. तो ठसका ऑलिओकॅन्थल नावाच्या घटकाचा. तेल ताजं आणि चांगलं असल्याची ती खूण. एक आजोबा खोकत खोकत म्हणाले, "हे औषध आहे की तेल?" आणि दोन बाटल्या घेऊन गेले.

तेल वाइनसारखं ठेवून सुधारत नाही. उजेड, उष्णता आणि हवा हे त्याचे शत्रू. म्हणून नवं यायच्या आधी जुनं संपवायचं, आणि ते रोजच्या स्वयंपाकासाठी म्हणून सरळ सवलतीत काढायचं. लेबलवर मी एक्सपायरीआधी तोडणीचं वर्ष बघते. न गाळलेल्या तेलात तळाशी गाळ बसतो आणि त्यामुळे ते लवकर बिघडतं. ते ठेवणीत ठेवू नका, याच हिवाळ्यात संपवा, असं मी बजावून देते.

मग डिसेंबर. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण त्यात विचार करायला वेळच नसतो. विचार आधी करून ठेवलेला असेल तर निभावतं. आगाऊ नोंदणीची वही, प्रत्येक पानावर नाव, माल, नेण्याची तारीख, आणि थोडी आगाऊ रक्कम. आगाऊ रक्कम न घेता लिहिलेली नावं ऐनवेळी येत नाहीत, हा मालकीणबाईंचा अनुभव, आणि मला त्याची परीक्षा घ्यायची नव्हती. स्टिल्टन हे निळ्या बुरशीचं इंग्लिश चीज पिकायला किमान नऊ आठवडे लागतात. उन्हाळा सरताना बनवलेलं चक्र नाताळला रंगात येतं. लोक ते चमच्याने मधून कोरून खातात. दिसायला झकास, पण कडा सुकून वाया जातात. पाचर कापून द्यावं हे माझं ठाम मत. त्यासोबत पोर्ट, म्हणजे पोर्तुगालची गोड, कडक वाइन, मागायला आलेल्यांना मी आधी विचारायचे की बाटली एका बैठकीत संपणार का. व्हिंटेज पोर्टमध्ये गाळ असतो, आदल्या दिवशी उभी करून ठेवावी लागते, मग सावकाश दुसऱ्या भांड्यात ओतायची, आणि उघडली की दोन-तीन दिवसांत संपवायची. ज्याला रोज रात्री एक छोटा पेला हवा आहे त्याला टॉनी हा पोर्टचा दुसरा प्रकार द्यावा. ती बाटली उघडूनही काही आठवडे टिकते. महागडी बाटली परत फळीवर ठेवून स्वस्तातली हातात देणारी दुकानदारीण पाहून लोक आधी संशयाने बघतात.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी वहीतली शेवटची पिशवी गेली. मों दॉरची फिकीर नव्हती. मे महिन्यापर्यंत विकायचं आहेच, आणि कडाक्याची थंडी तर पुढेच असते. स्टिल्टनचा एक तुकडा आम्हीच घरी नेला. भेटवस्तूंच्या टोपल्या मात्र बऱ्याच उरल्या. त्या सुट्या करून आतलं सगळं परत फळ्यांवर लावताना माझ्या बोटांना रिबिनीच्या डिंकाचा चिकटा लागला. पुढच्या वर्षी तयार टोपल्या नाहीत, मागेल त्याला समोर बांधून देऊ, हे तिथेच ठरलं.

पॅनेटोने उरले ते दुसऱ्या खेपेतले, मोजकेच. नवीन वर्ष लागलं तशी त्यांच्यावर अर्ध्या किमतीची चिठ्ठी लावली. जाड काप करून तव्यावर लोण्यात परतून खा, असं मी सांगत होते, पण सांगायची गरज नव्हती. दोन बायका आल्या, त्यांना चिठ्ठी अपेक्षितच होती. एकीने सांगितलं की ती दरवर्षी याच आठवड्याची वाट बघते, नाताळच्या आधी कधीच घेत नाही. पुढच्या ऑर्डरीत अशा लोकांचाही आकडा धरायचा का, यावर मालकीणबाईंचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.