रोजनिशी: चालू टाकीला रिफ्युजियम जोडताना

रविवार

चालू खाऱ्या पाण्याच्या टाकीला नवा कप्पा जोडणं हे नवी टाकी उभारण्याहून नाजूक काम. पाणी, मासे, प्रवाळ, जिवाणू सगळं आधीच एका तोलात बसलेलं असतं आणि त्यात आपण पाणी वाढवतो, प्रवाह वळवतो, नवा दिवा लावतो. म्हणून आज फक्त कागदावरचं काम.

रिफ्युजियम म्हणजे मुख्य टाकीच्याच पाण्यावर चालणारा, पण मासे नसलेला कप्पा. तिथे मोठं शेवाळ वाढतं आणि नायट्रेट-फॉस्फेट स्वतःत साठवतं. त्याच गुंत्यात पॉड्स, म्हणजे इवले कवचधारी जीव, कोपेपॉड आणि अ‍ॅम्फिपॉड माशांच्या तोंडापासून दूर राहून वाढतात. दोन्ही कामं एका कप्प्यात होतात, तरी मुख्य काम कोणतं ते आधी ठरवावं. मँडरिनसारख्या दिवसभर टिपत फिरणाऱ्या माशासाठी पॉड्स हवे असतील तर प्रवाह मंद आणि लाइव्ह रॉकचे (जिवाणू वसलेल्या सच्छिद्र खडकाचे) तुकडे भरपूर. नायट्रेट उतरवायचं असेल तर प्रकाश आणि प्रवाह दोन्ही जोरदार. इथे उद्देश दुसरा आहे, आणि तो धरला की एक गोष्ट पक्की होते: शेवाळ नायट्रेट नष्ट करत नाही, साठवतं. ते कापून बाहेर काढलं तरच टाकीतून काही बाहेर गेलं. त्यामुळे कप्प्याची जागा, झाकण, दिव्याचं स्टँड हे सगळं हात घालून शेवाळ सहज उपसता येईल अशा बेताने ठरवायचं.

हिशेबासाठी १२० × ५० × ५० सेंटीमीटरची, म्हणजे ३०० लिटरची टाकी धरली आहे. रिफ्युजियम ४० × ४० चं, पाणी २५ सेंटीमीटर खोल, म्हणजे ४० लिटर. मुख्य टाकीच्या १० ते २० टक्के हे प्रमाण ठीक चालतं. जागा असेल तर मोठं घ्यावं, लहान घेऊन फक्त शोभा होते.

सोमवार

संपच्या (मुख्य टाकीखालच्या, पंप आणि स्किमर ठेवायच्या टाकीच्या) आतच काचेचे बॅफल, म्हणजे आडपडदे, चिकटवून कप्पा पाडायचा की वेगळी टाकी शेजारी ठेवायची? चालू व्यवस्थेत वेगळी टाकीच बरी, असं माझं स्पष्ट मत. जुन्या वाळलेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन नीट धरत नाही. ते ब्लेडने पूर्ण खरवडावं लागतं, काच अ‍ॅसिटोनने पुसून कोरडी ठक्क करावी लागते आणि बुरशीनाशक नसलेलं सिलिकॉन लावून किमान ४८ तास थांबावं लागतं. तेवढा वेळ संप आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद. ज्यांना हे करावंच लागेल त्यांनी मुख्य टाकीत हीटर आणि वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) चालू ठेवावा आणि मासे जवळजवळ उपाशी ठेवावेत.

वेगळी टाकी संपच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवायची, म्हणजे पाणी गुरुत्वाने परत संपमध्ये पडतं. पाणी देण्यासाठी वेगळा पंप नको. संपमधलं पाणी मुख्य टाकीत परत चढवणाऱ्या रिटर्नच्या पाइपावर टी बसवून त्यातून एक फाटा, त्यावर बॉल व्हॉल्व्ह. निचऱ्यासाठी २५ मिलिमीटरचं बल्कहेड (काचेच्या भोकात बसवायचा नळीचा जोड) पुरतं, तरी ३२ चं घेतलं तर मन स्वस्थ राहतं. भोक हिऱ्याच्या होल सॉने, पाण्याची धार सोडत, हात हलका ठेवून पाडायचं. टफन्ड काचेला भोक पाडता येत नाही, ती फुटते. हे काच घेतानाच विचारून घ्यावं. बल्कहेडची रबरी वॉशर कॉलरच्या बाजूला, पाण्याच्या आतल्या अंगाला. तिथे सिलिकॉन लावायचं नाही. नट हाताने घट्ट करून पाव फेरा आणखी, एवढंच. जोर लावला की भोकापासून काच तडकते.

निचऱ्याच्या तोंडाशी जाळी हवी आणि त्याच्या दोन-तीन सेंटीमीटर वर दुसरं रिकामं बल्कहेड, आणीबाणीचा निचरा म्हणून. हा खर्च वाचवायचा मोह होतो, पण इथे वाचवू नये. शेवाळाचा एक तुटका पुंजका जाळीवर बसला की पंप पाणी चढवत राहतो, कप्पा भरून जमिनीवर वाहतो. तेवढ्यात रिटर्न कप्प्यातली पातळी खाली गेलेली दिसल्यामुळे ऑटो टॉप-ऑफ (उडालेल्या पाण्याची भर आपोआप घालणारं यंत्र) गोडं पाणी सोडायला लागतो. म्हणजे फरशी ओली, आणि टाकीची क्षारताही उतरलेली. टॉप-ऑफच्या साठ्याची टाकी म्हणूनच लहान असावी, सगळी रिकामी झाली तरी क्षारता फारशी हलणार नाही इतकी.

मंगळवार, वीज गेल्याचा हिशेब

पंप थांबला की मुख्य टाकीतलं ओव्हरफ्लोच्या (जिथून पाणी संपमध्ये उतरतं त्या खाचेच्या) कडेपर्यंतचं पाणी खाली येतं. १२० × ५० च्या टाकीत पातळी अडीच सेंटीमीटर उतरली तर १५ लिटर. ओव्हरफ्लो बॉक्स आणि पाइपांतलं धरून २० लिटर. ९० × ४० चा संप असेल तर सगळीकडे सारखं पसरूनही पातळी साडेपाच सेंटीमीटर चढते. संपमध्ये किमान आठ सेंटीमीटर मोकळी जागा हवी. रिफ्युजियम बल्कहेडच्या ओठापर्यंतच रिकामं होतं, त्यामुळे त्याचा वाटा थोडा. मात्र त्याला पाणी देणाऱ्या पाइपाचं तोंड पाण्यात बुडलेलं असेल तर सायफन उलटा लागतो आणि कप्प्यातलं पाणी त्याच पाइपाने संपमध्ये ओढलं जातं. ते तोंड पाण्याच्या वरच ठेवायचं.

मुख्य टाकीतल्या रिटर्नच्या नळीला सायफन तोडायचं छोटं भोक असतं, ते शेवाळाने आणि मिठाने बुजतं. म्हणून कागदावरचा आकडा पुरेसा नाही. पाणी भरून झालं की प्लग काढून समोर उभं राहून पाहायचं.

गुरुवार, पाणी

आधी सगळे जोड गोड्या पाण्याने भरून एक दिवस तपासायचे, मग रिकामं करून खारं पाणी. ४० लिटर नवं पाणी म्हणजे टाकीत अचानक मोठी भर, त्यामुळे सापेक्ष घनता १.०२५ ते १.०२६, तापमान मुख्य टाकीइतकंच, आणि मीठ मिसळून एक रात्र हलतं ठेवलेलं. यापुढे कॅल्शियम, अल्कलिनिटी, सगळ्या डोसचा हिशेब नव्या एकूण पाण्यावर. तांब्याचं औषध या पाण्यात कधीच नाही, पॉड्स त्याने मरतात.

बॉल व्हॉल्व्हने प्रवाह तासाला कप्प्याच्या ५ ते १० पट, म्हणजे २०० ते ४०० लिटर. मोजायला एक लिटरचा मग पुरे: १२ सेकंदांत भरला तर तासाला ३०० लिटर. व्हॉल्व्ह उघडल्यावर मुख्य टाकीकडे जाणारं पाणी कमी होतं, संपमधली पातळी हलते, आणि स्किमर पाण्याच्या उंचीबद्दल हळवा असतो. त्याचा कप आज दोनदा तपासावा, नाहीतर रात्रीत भरून वाहतो.

शनिवार, शेवाळ आणि दिवा

शेवाळ चेटोमॉर्फा, थोडक्यात चेटो. कॉलर्पा हे दुसरं शेवाळ नको. कॉलर्पा झपाट्याने वाढतं खरं, पण परिस्थिती बिघडली की बीजकोशिका सोडतं. अख्खा झुबका पांढरा पडतो, पाणी दुधाळ होतं, शोषलेलं सगळं एका झटक्यात पाण्यात परत येतं आणि ऑक्सिजन पडतो. चेटो मुळं धरत नाही, सुटा गुंता म्हणून वाढतो, त्यामुळे काढायलाही सोपा. चांगला चेटो गर्द हिरवा आणि हाताला नायलॉनच्या दोऱ्यासारखा कडक लागतो.

आणलेला चेटो थेट टाकायचा नाही. त्यातून ऐप्टेशिया (उपद्रवी समुद्रफूल), वॅलोनिया शेवाळाचे फुगे, नको ते खेकडे येतात. माशांच्या टाकीतून आलेला असेल तर पांढऱ्या ठिपक्यांचा रोगही. मासे नसलेल्या खाऱ्या पाण्यात, दिव्याखाली, किमान सहा आठवडे वेगळा ठेवावा. गोड्या पाण्यात बुडवून धुणं हा उपाय नाही, त्यात हवे असलेले पॉड्सही जातात. कप्प्याचा तळ उघडाच बरा. जाड वाळूत गाळ साचतो आणि पुढे ती ढवळली गेली तर हायड्रोजन सल्फाइड सुटतो. एका कोपऱ्यात लाइव्ह रॉकचे मूठभर तुकडे, पॉड्सना लपायला.

सुरुवातीला चेटो १०० ते १५० ग्रॅम. दिवा वाढीचा एलईडी, लाल ६६० आणि निळा ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा, या आकाराला २५ ते ३० वॉट, पाण्यापासून १५-२० सेंटीमीटर वर. पहिल्या आठवड्यात आठ तास, मग हळूहळू १२ ते १४. वेळ मुख्य टाकीच्या उलटी: तिकडे रात्र झाली की इकडे दिवस. रात्री सगळे जीव फक्त श्वसन करतात, कार्बन डायऑक्साइड वाढतो, पीएच उतरतो. उजेडातलं शेवाळ तो वापरून घेतं आणि उतार कमी होतो. दिव्याच्या तिन्ही बाजूंना काळं अ‍ॅक्रिलिक लावावं. उजेड संपमध्ये सांडला की पंपावर आणि नळ्यांतही हिरवळ धरते. विजेच्या प्रत्येक तारेला प्लगच्या खाली झोळ द्यायचा, म्हणजे ओघळलेलं खारं पाणी सॉकेटपर्यंत न जाता खाली ठिबकतं. आरसीसीबीशिवाय (विजेची गळती ओळखून प्रवाह तोडणाऱ्या स्विचशिवाय) हे काही चालू करू नये.

नंतरची नोंद, आकडे हलायला लागल्यावर

पहिले काही आठवडे टेस्ट किटवर काहीच दिसत नाही, आणि लोक नेमके तेव्हाच दिवा बदलतात, चेटो बदलतात. धीर धरावा. चेटो वाढतोय ना, तेवढं पाहावं. ढोबळ हिशेब असा: ३०० ग्रॅम ओला चेटो काढला तर त्यात सुमारे ३० ग्रॅम कोरडा भाग, त्यात अडीच टक्के नायट्रोजन धरला तर पाऊण ग्रॅम, म्हणजे सव्वातीन ग्रॅम नायट्रेट. ३३० लिटर पाण्यात ते १० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅमच्या) घरात जातं. खाण्यातून तेवढंच आत येत असेल तर किटवरचा आकडा जागचा हलणार नाही, तरी काम चाललेलंच असतं.

चेटो अडतो तो बहुतेक वेळा एखादा घटक संपल्यामुळे. अ‍ॅटकिन्सन आणि स्मिथ यांनी १९८३ मध्ये समुद्री वनस्पतींतलं कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरसचं प्रमाण साधारण ५५० : ३० : १ मांडलं. टेस्ट किटच्या भाषेत म्हणजे एक भाग फॉस्फेटमागे सुमारे २० भाग नायट्रेट. त्यामुळे नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट ०.२ वर अडकलेलं, असं वारंवार होतं. अशा वेळी फॉस्फेट काढणारा मीडिया वाढवण्याआधी सोडियम नायट्रेट थोडं थोडं द्यावं, चेटो पुन्हा चालू लागतो आणि फॉस्फेटही खाली येतं. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम इथे थांबावं. दोन्ही शून्यावर नेलं तर प्रवाळ फिकट पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट या उपद्रवी सूक्ष्मजीवांना मोकळं रान मिळतं. तसं दिसू लागलं तर दिव्याचे तास कमी करायचे, माशांचं खाणं वाढवायचं.

आकडे ठीक असूनही चेटो पिवळट होत असेल तर लोह संपलेलं असतं, चिलेटेड (पाण्यात विरघळून राहणारं) लोह अगदी थोडं द्यावं. लालसर बुळबुळीत थर आला तर प्रवाह कमी पडतोय. वरून हिरवा आणि आतून पांढरा, ठिसूळ झाला असेल तर गुंता फार जाड झालाय, आत उजेड पोहोचत नाही. पाणी पिवळसर दिसू लागलं तर ते शेवाळाने सोडलेल्या द्रव्यांमुळे, त्यासाठी थोडा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन पुरतो.

कापणी दर एक-दोन आठवड्यांनी, एकतृतीयांश ते निम्मा. पूर्ण कधीच नाही. गुंता दर वेळी उलटा करून ठेवायचा. काढलेलं शेवाळ समुद्रात, ओढ्यात, गटारात टाकायचं नाही, वाळवून कचऱ्यात. कॉलर्पा टॅक्सिफोलिया १९८४ मध्ये मोनॅकोजवळ आढळलं आणि भूमध्य समुद्रात पसरत गेलं. कॅलिफोर्नियात २००० मध्ये सापडलेलं नष्ट करून तसं जाहीर करायला २००६ उजाडलं. टाकीत वाढवलेलं शेवाळ बाहेर काय करू शकतं याचा एवढा पुरावा पुरे.

वाळवण्याआधी तो पुंजका टाकीच्याच पाण्याच्या बादलीत जोरात हलवावा, पॉड्स खाली झडतात. गाळ तळाशी बसू द्यावा आणि वरचं पाणी मुख्य टाकीचे दिवे बंद झाल्यावर खडकांजवळ ओतावं, रिटर्न पंप दहा मिनिटं बंद ठेवून. पंप चालू असताना ओतलं तर निम्मे पॉड्स ओव्हरफ्लोवाटे थेट फिल्टर सॉकमध्ये (गाळणीच्या पिशवीत) जातात.