कऱ्हा खोऱ्यातील विहिरी आणि माझी पीएच.डी.

पीएच.डी.साठी मी पुरंदर तालुक्यातील कऱ्हा नदीच्या खोऱ्यातील भूजल हा विषय घेतला. हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. शिवाय राज्याचा चार पंचमांश भूभाग ज्या बेसाल्टने व्यापला आहे तोच काळा कातळ येथेही आहे आणि त्यात पाणी साठते ते मुरमाच्या थरात, भेगांत व सच्छिद्र पट्ट्यांत. एका बांधाच्या दोन बाजूंच्या विहिरींनाही सारखे पाणी असेल असे नाही. त्यामुळे संशोधन सल्लागार समितीचा पहिला प्रश्न ‘विहिरी कोणत्या निकषावर निवडणार?’ हाच होता. कोर्सवर्क व सहामाही अहवाल रीतसर पार पडले. त्यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही.

कस लागला तो पाणीपातळी मोजताना. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये नोंदवते. त्या नोंदींशी ताडून पाहता यावे म्हणून मीही तेच महिने धरले. कठड्यावरील ठरलेल्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर टेपने मोजायचे आणि त्यातून कठड्याची उंची वजा करायची, एवढीच कृती. मात्र उपसा चालू असताना मोजलेली पातळी त्या परिसरातील भूजलाची खरी पातळी नसते. मोटर बंद झाल्यावर विहीर झऱ्यांनी पुन्हा भरून येईपर्यंत थांबावे लागते, आणि शेतीची थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री असल्याने माझे वेळापत्रक तिच्यावर ठरू लागले. दिवसाची असेल तर ती येण्यापूर्वी पहाटेच विहीर गाठायची, रात्रीची असेल तर संध्याकाळी. “ताई, रात्रभर मोटर चालू होती, आत्ता मोजून काय उपयोग? सांजच्याला या,” असे एका आजोबांनी सांगितले, त्या दिवसापासून मी वहीत ‘मोटर शेवटची कधी बंद झाली’ असा रकाना आखला. छापील नमुन्यात तो नव्हता.

नमुने घेण्याची शिस्त वेगळी. बाटली त्याच पाण्याने विसळायची. सामू आणि विद्युतवाहकता जागेवरच मोजायची. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियमसाठीचा नमुना गाळून त्यात नायट्रिक आम्लाचे थेंब टाकायचे, पण नायट्रेटच्या बाटलीला त्या आम्लाचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही, ती थेट बर्फाच्या पेटीत ठेवायची. पृथक्करणानंतर धन आणि ऋण आयनांचा (पाण्यात विरघळलेल्या विद्युतभारित कणांचा) ताळा पाहायचा, कारण दोन्हींचा एकूण भार सारखा यायला हवा. तफावत 5 टक्क्यांपलीकडे गेली की ते पृथक्करण पुन्हा.

गोठ्यांलगतच्या काही विहिरींत नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅम या भारतीय मानकाच्या मर्यादेपलीकडे आढळले. विहीरमालकांचा प्रश्न सरळ होता: पाणी उकळले तर चालेल का? उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते, आणि तान्ह्या बाळाची दुधाची पावडर त्यात कालवणे धोक्याचे असते, हे मी प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहून दिले. प्रबंधाच्या प्रतीपेक्षा ही चिठ्ठी आधी पोहोचणे मला आवश्यक वाटले.

मौखिक परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांनी शेजारशेजारच्या दोन विहिरींच्या मे महिन्यातील पातळ्यांमधील मोठ्या फरकावर बोट ठेवले. दोन्ही मोटरी सारखाच वेळ बंद होत्या, हे वहीतून दाखवता आल्याने चर्चा उपशावरून कातळातील भेगांकडे वळली. मोटरच्या रकान्यासह सर्व नोंदी परिशिष्टात जोडाव्यात, एवढी एकच सुधारणा त्यांनी सुचवली.