तुम्ही विचारलंत म्हणून: बेळगावच्या बाजारात कुठली भाषा चालते?

पुण्याहून कोणी आलं की पहिल्याच चहाला प्रश्न येतो, "तुमच्याकडे मराठी आणि कानडी लोक एकमेकांशी बोलतात तरी का?" टीव्हीवर बंद आणि दगडफेक बघितलेली असते, त्यांचा दोष नाही. मी पिशवी काढते आणि त्यांना गणपत गल्लीत घेऊन जाते.

शनिवार असला तर फारच बरं. आठवड्याच्या बाजाराला आसपासच्या गावांतून बायका भाजी घेऊन येतात, महाराष्ट्रातल्या चंदगडकडची माणसंही खरेदीला उतरतात. मध्ये राज्याची सीमा आहे, पण लग्नाचा बस्ता बांधायला बेळगावच जवळ पडतं. पाट्यांवर आता कायद्याने ६० टक्के कन्नड लागतं. पाटीखाली उभं राहून भाव मात्र ज्याच्या त्याच्या भाषेत होतो.

मागच्या श्रावणात मी रताळी घेत होते. गोणपाटावर बसलेली मावशी माझ्याशी मराठीत बोलत होती आणि शेजारच्या बाईला त्याच दमात कानडीत भाव सांगत होती. रताळ्यांची माती अजून ओली होती, तिच्या बोटांनाही तीच. पैसे द्यायला गेले तर वीस रुपये कमी. मी दोन रताळी परत ठेवायला लागले, तेवढ्यात शेजारच्या बाईने गोणपाटावर विसाची नोट ठेवली. "तगोरी अक्का," म्हणाली, घ्या म्हणून. मी माझ्या मोडक्या कानडीत म्हटलं, परत कुठे देऊ? ती हसली, "नाळे कोड्री." उद्या द्या. नाव नाही, नंबर नाही. मावशी मला म्हणाली, "घेऊन जावा की, त्या दर शनवारी येतात."

माणसं माणसांना ओळखीची होतात ती अशी. घरपोच सामान मीही मागवते, पण तिथे वीस रुपये कमी पडले तर ते भरणारं शेजारी कोणी उभं नसतं, आणि मला ते फार मोठं नुकसान वाटतं.

माझी आजी बेळगावला लागूनच असलेल्या शहापूरची. पिशवी घेऊन निघाली की "बेळगावात जाऊन येते" म्हणायची, मध्ये जेमतेम एक रस्ता असला तरी. तिच्या लहानपणी शहापूर सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव इंग्रजांच्या मुलखात. शहापूरच्या मागावरची लुगडी तेव्हाही इकडून तिकडे जातच होती.

वाद नाही असं मी म्हणणार नाही. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते, दुसरीकडे बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधाची, काळ्या दिनाची फेरी, आणि मराठी दुकानांची शटर खाली असतात. माझंही मन त्या दिवशी जड असतं. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाचं असणारच. पण २ तारखेला सकाळी तीच शटर वर जातात आणि कुंदा, ही इथली दुधाची मिठाई, घ्यायला दोन्हीकडची माणसं एकाच काउंटरला उभी असतात.

त्या बाईला मी पुढच्या शनिवारी शोधलं, भेटली नाही. तिसऱ्या शनिवारी खडे बाजारात, साडीच्या दुकानाच्या पायरीवर चपला काढताना दिसली. मी वीस रुपये पुढे केले. तिने ते घेतले आणि विचारलं, मराठीत, "रताळी गोड निघाली काय?"