मैत्रीतून प्रेमाकडे: पेरणी आधी, धग नंतर

'फ्रेंड्स टू लव्हर्स' प्रकारची, म्हणजे जुन्या मित्रांचं प्रेम जुळतं अशी, कादंबरी हातात आली की शृंगाराचा प्रसंग कितव्या पानावर आहे हे शोधू नका. त्याआधीच्या शंभर पानांत काय पेरलंय ते बघा. अनोळखी माणसांच्या प्रेमकथेत आधी देह ओळखीचा होतो, माणूस मागाहून. इथे उलट. त्याला मिसळीत कांदा चालत नाही, ती ताप आला की कुणाशी बोलत नाही, हे दोघांना पाठ असतं. नवा असतो तो फक्त स्पर्श.

समजा, गोष्ट पुण्यातली आहे. सिंहगडाचा घाट उतरताना पाऊस गाठतो, गाडी टपरीपाशी थांबते. तिच्या हेल्मेटचा पट्टा नेहमीसारखा अडकलेला, तो नेहमीसारखा सोडवायला पुढे होतो. आज मात्र त्याची बोटं हनुवटीखाली जराशी रेंगाळतात, आणि एरवी टोमणा मारणारी ती गप्प राहते. कसलेली लेखणी इथे चुंबन उरकत नाही, वाट बघायला लावते. (पट्टा अडकतो हे तिसऱ्या प्रकरणातच सहज येऊन गेलेलं हवं. ऐनवेळी आणलेली सवय लगेच कळते.)

तीनशे पानांच्या कादंबरीत पहिलं चुंबन शंभर ते दीडशेच्या दरम्यान आलं तर जमतं. त्याआधी आलं तर मैत्री नुसती सांगितलेली राहते, फार पुढे ढकललं तर वाचणारा कंटाळतो. आणि शय्येवरही ते मित्रच राहायला हवेत: मध्येच हसणारे, 'थांबू का?' असं सरळ विचारणारे. तो प्रसंग गाळून पुढचं प्रकरण वाचा. काहीच अडलं नाही, तर तो भरतीचा होता. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशीच्या चहाची: काल रात्रीपर्यंत सहज मारलेली 'काय गं' ही हाक आज अडखळते का?

सगळ्यात जास्त पुस्तकं शेवटच्या पाव भागात बिघडतात. दहा वर्षांचे मित्र एका फोनवर मिटेल अशा गैरसमजापायी तुटतात, हे पटतच नाही. खरा अडसर या नात्यातच असतो: हे फिसकटलं तर मित्रही जाणार, सगळा ग्रुप दुभंगणार, घरचे तर त्याला 'मानलेला भाऊ' समजून बसलेले. ही गाठ जुनी आहे. इंग्रज लेखिका जेन ऑस्टिनच्या १८१५ सालच्या 'एमा' कादंबरीत नाचाआधी नायिका एमा तिच्या जुन्या मित्राला, नाइटलीला, म्हणते, आपण काही इतके बहीणभाऊ नाही की एकत्र नाचणं गैर ठरावं. त्यावर नाइटली ठासून सांगतो, मुळीच नाही. एवढ्या दोन वाक्यांत नात्याचा रंग पालटतो.

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात पुस्तक चाळताना किंवा किंडलवर मोफत नमुना वाचताना दोघांच्या गप्पांचं एक पान घ्या आणि नावं बोटाने झाका. कोण बोलतंय ते कळलं, तर पुस्तक घरी न्या.