मळ्यातली गिरण: आमची वाटचाल

पणजीत मळा नावाच्या भागात, मारुतीच्या देवळाच्या पायथ्याशी आमची गिरण आहे. पाटी नाही. होती, ती एका पावसाळ्यात पडली. नवी लावायची गरज वाटली नाही, कारण डबा घेऊन येणाऱ्याला गिरण आवाजावरून सापडते. हल्ली डबा न घेता येणारेच जास्त. काळ्या नंबरप्लेटच्या भाड्याच्या गाड्या शनिवारी सकाळीच दारात लागतात, त्यातली मुले रंगीत भिंतींपुढे फोटो काढतात आणि एखादा आत डोकावून विचारतो, हे म्युझियम आहे का?

नाही. इथे पीठ मिळते.

वडील पेडण्याचे. गोवा मुक्त झाल्यावर काही वर्षांनी ते पणजीत आले आणि त्यांनी ही गिरण घातली. एमरीच्या दगडांची चक्की, दहा एचपीची मोटर आणि मसाल्यासाठी वेगळी डंकी. डंकी आजही चालते. एप्रिल-मे म्हणजे पुरुमेंताचे, पावसाळ्याची बेगमी करायचे दिवस, तेव्हा हरमलची आणि खोल्याची मिरची घेऊन लोक येतात. ही मिरची पल्व्हरायझरमध्ये, म्हणजे बिनदगडाच्या वेगवान यंत्रात घातली की झटक्यात बारीक होते, पण तापते, आणि तापली की वास निघून जातो. डंकीत ती कुटली जाते, त्याला वेळ लागतो. ज्याला घाई आहे त्याने पाकीट घ्यावे, आमची हरकत नाही.

चक्कीला टाकी मी स्वतः लावतो. वरचा दगड उतरवायचा, उलटा करायचा, मध्यापासून कडेपर्यंत चरे पाडत जायचे. हातोडी वडिलांचीच आहे, दांडा दोनदा बदलला. टाकीला बाहेरचा माणूस बोलावणाऱ्या गिरणीवर विश्वास ठेवू नका, एवढे माझे ऐका.

शनिवारचा धंदा डब्यांच्या रांगेवर चालतो. तुम्ही डबा ठेवला की तुमच्या जागी डबा उभा. तुम्ही मोकळे. मग मार्केटात जाऊन मासळी बघा, चप्पल शिवायला टाका, घड्याळात सेल घाला, शिंप्याकडे ब्लाउज झाला का विचारा, येताना पदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, पोई हा गोव्याचा पाव घ्या. परत येईपर्यंत पीठ तयार. एका डब्यामागे चार दुकाने चालायची. आता घड्याळवाल्याच्या जागी कॅफे आहे, शिंप्याच्या घरात पाहुण्यांच्या खोल्या झाल्या. चांभार कुठे गेला कोणी सांगत नाही. एका दळणासाठी एवढ्या गर्दीत गाडी घालून कोण येणार? गिरण चालायची असेल तर शिंपीही टिकायला हवा, हे मी वॉर्डातल्या सगळ्यांना सांगून थकलो.

मधली बरीच वर्षे धंदा नीट चालला. 2020च्या टाळेबंदीत पहिले काही दिवस गोव्यात किराणा दुकानेही बंद होती. नंतर धान्य मिळू लागले, पण पिठाची पाकिटे येईनात, तेव्हा जे आम्हाला विसरले होते तेही रेशनचे गहू घेऊन आले. मग परत विसरले. असो.

सांगायची गोष्ट त्यानंतरची. आमच्याकडे एक मुलगा कामाला होता. टाकी लावायला, पट्टा जोडायला, दगडांची फट आवाजावरून ओळखायला मीच त्याला शिकवले. तो गेला आणि दोन गल्ल्या सोडून त्याने स्वतःची गिरण घातली. घालावी. पण 'आमच्याकडे दगडच नाही, त्यामुळे पिठात कच नाही' असे आमच्या गिऱ्हाइकांना सांगायचे काय कारण? कच कधी येते हे त्याला पक्के ठाऊक होते. टाकी लावल्यावर पहिले दोन-तीन किलो पीठ आम्ही फेकून देतो, आणि ते फेकण्याचे काम त्याचेच होते.

त्याच सुमारास, 2023मध्ये, मलनिस्सारणाच्या वाहिन्यांसाठी पणजीभर रस्ते खणले गेले. आमच्या दारातला चर बुजवायचे आणि पुन्हा खणायचे. दहा किलोचा डबा स्कूटरवर पायाशी ठेवून येणारा माणूस फळीवरून चालत कसा येणार? त्या मुलाच्या गिरणीकडे रस्ता मोकळा, वर दोन स्कूटर लागतील एवढी जागा. धूळ आत येऊ नये म्हणून आम्ही दाराला ओले गोणपाट लावले, तर हा सांगतो, गिरण बंद पडली. शनिवारी दहा वाजता रांगेत तीन डबे. विजेची एक फेज गेली आणि मोटर जळाली तीही तेव्हाच. वाइंडिंग करून आणली त्या रात्री बायको म्हणाली, कॅफेवाले विचारून गेलेत, गाळा भाड्याने देऊन टाका. भाड्याचा आकडा इथे लिहीत नाही. लिहिला तर तुम्हीही तिच्याच बाजूने बोलाल.

त्या सबंध काळात एक गिऱ्हाईक चुकले नाही. फोंतेन्हासमधल्या माई, वय ऐंशीच्या पुढे. शाकुतीचा मसाला घरी भाजून, स्टीलच्या डब्यात घालून आणतात. फळीवरून छत्री टेकत आत आल्या आणि नेहमीचेच बोलल्या, "म्हजी मिरसांग हेरांचे मिरसांगेउपरांत घालूं नाका हां, बाब." म्हणजे, माझी मिरची दुसऱ्यांच्या मिरचीनंतर घालू नका. त्या दिवशी दुसऱ्या कोणाची मिरची आलीच नव्हती. तरी मी उखळ पुसून दाखवले.

चतुर्थी जवळ आली तसे बाकीचे परतू लागले. मोदकाची पारी फुटली की बायका आधी पाण्याचे माप बदलतात, मग तांदूळ बदलतात आणि शेवटी गिरण बदलतात. धुऊन सावलीत वाळवलेला तांदूळ हाताला कोरडा लागतो, पण आत ओल असते. तो सावकाश दळावा लागतो. हे त्या मुलाला शिकवायच्या आत तो गेला होता.

तो अजून आहे. त्याचे यंत्र अडकले की माणूस पाठवून आमच्याकडून मसाला कुटून नेतो. बिल मात्र घेत नाही, त्यावर आमचे नाव असते.

शनिवारी येणार असाल तर नऊच्या आत डबा ठेवा. नाव झाकणावर नको, डब्यावर लिहा, कारण झाकणे बदलतात. पीठ घरी नेल्यावर गार होईपर्यंत झाकू नका; आतून घाम सुटतो, मग अळ्या होतात आणि शिव्या आम्हाला. काट्यावर वजनमाप खात्याचा शिक्का दरवर्षी होतो, शंका असेल तर बघून घ्या. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात मसाला घेत नाही, कितीही ओळख असली तरी. माईंचा घेतो.